बेड सातपाशी हळू बोला

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. शारजातल्या एका खासगी हॉस्पिटलचं आयसीयू, बेड नंबर सात. काचेची वेगळी खोली, पडदे ओढलेले, दिवे बंद. बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला.

बेड सातवरचा माणूस कमानीसारखा वर उचलला गेला. टाचा आणि डोकं गादीवर, मधलं सगळं शरीर हवेत. माणूस पूर्ण शुद्धीत नव्हता, झोपेचं औषध चालू होतं, तरी! धनुर्वाताला धनुर्वात का म्हणतात ते मला सत्तावन्नाव्या वर्षी, काचेला नाक लावून, कळलं.

बातमीदाराकडे किस्से कसे साठतात, सांगतो. जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी संपतं. जे छापता येत नाही ते साठतं. सत्तावीस वर्षं मी इथल्या इंग्रजी पेपरात काढली, तेव्हा माझ्याकडे साठा बराच आहे. पण त्या एका खोलीबाहेर सहा-सात आठवड्यांत जेवढे किस्से जमले तेवढे कुठल्याच मंत्रालयाबाहेर जमले नाहीत. आता ज्याचे आहेत त्याने परवानगी दिली आहे. नावं बदलली आहेत. हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी मुलगी 'बाबा, प्लीज' म्हणाली आहे.

मुलगी म्हणजे सई. त्याच आयसीयूत ज्युनिअर डॉक्टर. जन्म शारजाचा, शाळा शारजाची. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. आणि बेड सातवरचा माणूस म्हणजे दत्ताराम. संगमेश्वरकडचा, वय एक्केचाळीस, बांधकामावर शटरिंगचा सुतार. स्लॅब ओतण्याआधी खाली जो फळ्यांचा साचा आणि टेकू लावतात, ते त्याचं काम. सोळा वर्षं इथे.

*

दत्तारामचा जबडा एका सोमवारी आखडला. भात तोंडात जाईना. मजुरांच्या कॅम्पातल्या खोलीतले सहा जण म्हणाले, दाढ असेल. मंगळवारी तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, ते उघडलं नाही, म्हणून बाहेरूनच निदान केलं. अक्कलदाढ!

गुरुवारी त्याला हॉस्पिटलात आणलं तेव्हा मान लाकडासारखी झाली होती. इमर्जन्सीत तीन तरुण डॉक्टर. एक म्हणाला स्ट्रोक, एक म्हणाला कुठल्या तरी गोळीची रिॲक्शन. तिसरा जरा बाजूला येऊन, आयसीयूतून बोलावलेल्या सईला म्हणाला, "ही इज स्मायलिंग. सायकियाट्रीला कॉल करू या का?"

तो हसत नव्हता. चेहऱ्याचे स्नायू आखडले की ओठ असे ताणले जातात की माणूस हसतोय असं वाटतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा हसत होता.

तेवढ्यात डॉ. इद्रिस कॉफीचा कप घेऊन दारावरून चालले होते. आयसीयूचे प्रमुख, सुदानचे, निवृत्तीला आलेले. ते दारात थांबले. आत आलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "लाइट्स ऑफ. एव्हरीबडी, शूज ऑफ ऑर शट अप."

मग हळूच आत येऊन त्यांनी लाकडी पट्टी दातांच्या फटीतून घशाला लावली. एरवी कुणालाही उबळ येते आणि तोंड उघडतं. दत्तारामने ती पट्टी कडकन चावून धरली. डॉक्टर म्हणाले, "खलास. टेटनस." आणि कॉफीचा घोट घेऊन पुढे विचारलं, "याचे मोजे कुणी काढले का?"

कुणीच काढले नव्हते. दाताच्या डॉक्टरपासून स्ट्रोकवाल्यापर्यंत सगळ्यांनी तोंड पाहिलं. डाव्या तळव्यावर, फळीतल्या खिळ्याने केलेलं मुगाच्या दाण्याएवढं भोक होतं. अकरा दिवसांचं!

*

त्या दुपारी सईचा फोन आला. "बाबा, आय नीड यू टु रीड समथिंग. अँड प्लीज, नो क्वेश्चन्स."

या आजारात सगळं अंग आखडतं, पण हात बऱ्याचदा वाचतात. बोलता येईना म्हणून दत्तारामने एका फॉर्मच्या मागे काहीतरी लिहून दिलं होतं. पूर्ण बेशुद्ध करून व्हेंटिलेटरला लावण्याआधीची शेवटची पाच मिनिटं. आयसीयूत मलयाळी, फिलिपिनो, सुदानी, इजिप्शियन सगळे. मराठी एकटी सई! आणि तिला छापलेलं मराठी, मोठ्या टायपातलं, बोट ठेवून वाचता येतं. सुताराचं गिचमिड अक्षर नाही.

दर शुक्रवारी मराठी वर्गाला पाठवायचं ठरवून मी तिला दर शुक्रवारी पोहायला पाठवलं होतं. त्याचा हिशेब त्या दिवशी झाला.

मी अल मजाजमध्ये राहतो, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. पोहोचलो. सईने मला एका कागदावर सही करायला लावली, की इथलं काहीही बाहेर जाणार नाही. सत्तावीस वर्षांत असल्या कागदावर मी सही केली नव्हती! तिने पेन पुढे धरलं, मी केली.

मग फॉर्म उलटा केला. लिहिलं होतं: 'सुलभाला कळवू नका. ओव्हरटाइम आहे सांगा.' आणि खाली एक नंबर.

सुलभा म्हणजे बायको. मी बाहेर येऊन नंबर फिरवला. आयुष्यभर लोकांची खोटी वाक्यं पकडायचा धंदा केला, आता स्वतः बोलायची पाळी. घसा खाकरून म्हणालो, "वहिनी, मी दत्तारामचा ओळखीचा. त्याला जरा ओव्हरटाइम लागलाय, म्हणून फोन..."

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "सोळा वर्षांत ओव्हरटाइम लागला की ते स्वतः फोन करतात, आणि पहिलं वाक्य असतं, 'जेवलीस का?' तुम्ही कोण, ते नंतर सांगा. ते जिवंत आहेत का, ते आधी सांगा."

खोटं बोलायची माझी कारकीर्द सतरा सेकंदांत संपली.

*

आता उपचार. ऐकताना वाटतं, काय मोठंसं! जखम कापून साफ करायची. विष अजून नसांपर्यंत पोहोचलेलं नाही तेवढं अडवायला तयार प्रतिद्रव्याची इंजेक्शनं द्यायची. अँटिबायोटिक. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी. झोपेचं औषध चोवीस तास. आणि जे विष नसांत घुसलंय त्यावर जगात औषध नाही. ते उतरेपर्यंत, चार ते सहा आठवडे, माणसाला धरून ठेवायचं. बस. धरून ठेवायचं!

आणि त्या काळात आवाज नाही, उजेड नाही, अचानक स्पर्श नाही. कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला आतून कापूस. दाराच्या बिजागरीला तेल. यंत्रांची बोंब खोलीत बंद, बाहेर नर्सच्या टेबलावर चालू. सगळी कामं एकत्र करायची, म्हणजे पुन्हा पुन्हा हात लावायला नको.

बेड सातच्या लिसी सिस्टर केरळच्या. बेशुद्ध माणसाला हात लावण्याआधी कानाशी पुटपुटायच्या, "दत्ताभाई, अभी मैं मुँह पोछेगी. थंडा लगेगा." मी विचारलं, "सिस्टर, त्याला ऐकू येतं का?" त्या म्हणाल्या, "मालूम नहीं अंकल. लेकिन बिना पूछे कोई आपका मुँह पोछेगा तो आप चमकेगा न?"

माझा आवाज संपादकीय खात्यात तीन टेबलं ओलांडून जायचा. पहिल्याच दिवशी मी काचेबाहेर माझ्या मते अगदी हळू काहीतरी बोललो. लिसी सिस्टर धावत आल्या. "अंकल! आपका व्हिस्पर भी दूसरे लोग का शाउटिंग है!"

तेव्हापासून मी हळू बोलायला शिकलो, आणि ती सवय घरीही आली. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते एका खिळ्याने केलं."

*

मॅग्नेशियमचा किस्सा मात्र लिसी सिस्टरच्याच तोंडून ऐकायला हवा.

स्नायू सैल राहावेत, रक्तदाबाचा घोडा उधळू नये म्हणून दत्तारामला मॅग्नेशियमची ड्रिप लावली. हे औषध एरवी खपतं बाळंतिणींच्या वॉर्डात, गरोदरपणी झटके येतात त्यांच्यासाठी. आयसीयूतून एवढी मोठी मागणी फार्मसीने कधी पाहिली नव्हती. फोन आला. "सिस्टर, बेड सेव्हन, कौन सा मंथ चल रहा है?"

लिसी सिस्टर थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "फर्स्ट वीक. डिलिवरी में और एक महीना लगेगा."

"पेशंट का नाम?"

"दत्ताराम."

मग फार्मसीवाला अदबीने म्हणाला, "सिस्टर, मैं सीनियर को देता हूँ."

आणि हे औषध जास्त झालं की नाही ते पाहायला दर थोड्या वेळाने गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघायचं असतं. सुताराच्या अंगावर हातोडी! जागा असता तर त्याने आधी मारणाऱ्याची पकड दुरुस्त केली असती.

*

दुसऱ्या आठवड्यात इमारतीचा मेंटेनन्स मॅनेजर फाइल घेऊन आला. फायर अलार्मची टेस्ट. सकाळी अकरा वाजता, सगळे मजले.

डॉ. इद्रिस म्हणाले, "या मजल्यावर नाही."

"डॉक्टर, इट इज ऑन द शेड्यूल."

"हबीबी, तो माणूसही शेड्यूलवर आहे. तुझा अलार्म अकराला वाजला तर तो अकरा वाजून एक मिनिटाने मरेल. फॉर्मवर तसा कॉलम आहे का?"

मॅनेजर भला माणूस. कॉलम शोधायला त्याने खरंच फॉर्म उलटून पाहिला! मग गेला, रीतसर मंजुरी आणून या मजल्याचा भोंगा तेवढ्यापुरता बंद केला, तेवढा वेळ जिन्यापाशी लक्ष ठेवायला माणूस उभा केला. जाता जाता आणखी एक गोष्ट आणली. खालच्या जनरेटर रूममधले कानावर लावायचे मोठे पिवळे इअरमफ. "फॉर द पेशंट," म्हणाला.

लिसी सिस्टरनी ते पुसून, मऊ कापड गुंडाळून दत्तारामच्या कानांवर बसवले. पुढे शुद्धीवर आल्यावर त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. साइटवर कटरचा आवाज सोळा वर्षं ऐकला. कानाला लावायला काही मिळालं ते आयसीयूत, बेशुद्ध असताना. यावर मी काही बोलायचं नाही असं सईला कबूल केलं आहे. म्हणून बोलत नाही.

*

कंपनीही आली. चौथा आठवडा संपताना! एचआरचे साहेब, जगदाळे, आपलेच, पुण्याचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढच्या रांगेत असतात. सोबत फोटो काढायला एक माणूस, आणि हातात कुरकुरीत चकचकीत कागदात गुंडाळलेला भलामोठा पुष्पगुच्छ.

कागद कुरकुरला. काचेआड दत्तारामची बोटं ताठ झाली. लिसी सिस्टरनी पुष्पगुच्छ असा उचलला जसा बॉम्ब उचलतात, आणि लिफ्टपर्यंत नेऊन ठेवला.

मग माझं आणि जगदाळेंचं भांडण झालं. आयुष्यातलं सर्वांत कडाक्याचं भांडण. संपूर्ण कुजबुजत!

"चार आठवडे कुठे होता?" मी, ओठ हलवत.

"अहो, आम्ही सतत टचमध्ये होतो," जगदाळे, त्याहून हळू.

"कुणाच्या टचमध्ये? त्याच्या बायकोला एक फोन तरी?"

"हे बघा, तुम्ही प्रेसवाले..."

"मी प्रेस नाही. मी वाचक आहे!"

"म्हणजे?"

"त्याचं अक्षर वाचतो."

दोघांच्याही मानेच्या शिरा तटतटलेल्या, हात हवेत, आणि आवाज मांजराच्या पावलांएवढा. समोरच्या बाकावरची एक फिलिपिनो बाई सईला म्हणाली, "डॉक्टर, सो नाइस, दीज टू ब्रदर्स. दे आर प्रेइंग?"

*

आता सुलभा वहिनींचं.

पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच मागणं होतं. "भाऊ, माझा आवाज त्यांच्या कानावर घाला. मी हाक मारली की ते उठतील."

मी डॉ. इद्रिसना विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "ट्रे पडला तर अंग आखडतं. बायकोचा आवाज आला तर हृदय धावेल. त्याचं हृदय आत्ता ब्रेक नसलेली गाडी आहे."

ते मी डोळ्यांनी पाहत होतो. रक्तदाब दोनशेवर जायचा, आणि औषध आणेपर्यंत सत्तरवर! खोलीत कुणी हललेलं नसायचं. सई एकदा माझ्याजवळ येऊन बसली, चेहरा पांढरा. "बाबा, नथिंग हॅपन्ड. नोबडी टच्ड हिम. ही जस्ट वेंट." तो परत आला, तिने आणला. पण दुबईतल्या स्वतःच्या घरी, सिलिकॉन ओएसिसला, न जाता त्या दिवशी ती आमच्याकडे अल मजाजला आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दहावीनंतर पहिल्यांदा.

वहिनींना मी 'आत्ता नाही' म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं. मग मी बोलून ठेवते. डॉक्टर हो म्हणाले की लावा." आणि रोज सकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर त्यांचा एक व्हॉइस मेसेज यायला लागला. सोबत पहिल्या दिवशी सूचना: "भाऊ, तुम्ही ऐकायचं नाही हां. थेट त्यांच्या कानाला लावायचं."

लोकांच्या बंद फायली उघडून मी पोट भरलं. माझ्या फोनवर रोज एक, न ऐकलेला निरोप. एक मिनिट चार सेकंद. दोन मिनिटं. एकदा फक्त अकरा सेकंद. मला त्या अकरा सेकंदांनी फार छळलं. बोट त्या प्लेच्या खुणेवर जायचं आणि मी फोन खिशात टाकायचो. ऐकलं नाही. एकही नाही.

खालिद लगूनच्या काठाने फिरताना रोज संध्याकाळी मला माणसं दिसतात, कानाला फोन लावलेली, गावाकडे बोलणारी. सत्तावीस वर्षं दिसतायत. मीही त्यातलाच होतो. आई होती तोवर रोज याच काठावरून तिला फोन करायचो, आणि ती दरवेळी विचारायची, कधी येतोस, आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. इन्शाल्ला म्हणायचीही सवय लागली होती. मुंबईत ती शेजारणींना विचारायची, या शब्दाचा अर्थ हो होतो का नाही होतो?

दत्तारामही तेच म्हणायचा म्हणे. पुढच्या वर्षी कायमचा येतो. सोळा पुढची वर्षं!

*

पाचव्या आठवड्यात झोपेचं औषध कमी करत आणलं. डोळे उघडले. गळ्यात नळी, बोलता येईना. लिसी सिस्टरनी पाटी आणि मार्कर दिला. आम्ही चौघं काचेआतून अंधारात त्याच्याकडे बघतोय. त्याने सहा-सात शब्द लिहायला बराच वेळ घेतला.

लिसी सिस्टर म्हणाल्या, "पानी माँग रहा है."

सई म्हणाली, "पेन. डेफिनेटली पेन."

डॉ. इद्रिस म्हणाले, "होम."

मी वाचलं. लिहिलं होतं: 'बी ब्लॉकचे टेकू काढू नका. स्लॅब कच्चा.'

पाच आठवडे उलटले होते. तो ज्या दिवशी पडला त्या दिवशी त्याच्या हातचा स्लॅब ओला होता आणि त्याच्या डोक्यात तो अजून ओलाच होता! मी डॉक्टरांना समजावलं. खाली टेकू लावतात, वरचं घट्ट झालं की एकेक काढतात, घाई केली की कोसळतं.

डॉ. इद्रिस हळूच खाली वाकले. व्हेंटिलेटरकडे बोट करून मला म्हणाले, "त्याला सांगा, हा माझा टेकू. मीपण एकेकच काढणार. आज अर्धा तास, उद्या एक तास. स्लॅब कच्चा आहे."

मी मराठीत सांगितलं. दत्तारामने डॉक्टरांकडे पाहिलं. एका मिस्त्रीने दुसऱ्या मिस्त्रीकडे पाहावं तसं. मग पाटीवर लिहिलं, 'बरोबर.'

*

आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "एक. फक्त एक. सर्वांत कमी आवाजात."

माझ्या फोनवर तोवर एक्केचाळीस साठले होते. मी दत्तारामच्या कानाशी वाकून विचारलं, "पहिला लावू की शेवटचा?" त्याने एक बोट वर केलं. पहिला. क्रमाने. साचा खालून वर बांधतात.

लिसी सिस्टर मॉनिटरपाशी. सईच्या हातात भरलेली सिरिंज. मी फोन उशीवर ठेवला आणि बाहेर जायला निघालो, कारण ऐकायचं नाही हे ठरलं होतं. दत्तारामने माझ्या बाहीला धरलं. सोडलं नाही.

म्हणून मी ऐकलं. वहिनींचा आवाज. "ऐकताय ना?" मग थांबल्या. मोजून, नवरा 'हं' म्हणतो तेवढ्या थांबल्या. "मोटर दुरुस्त झाली. विहिरीला पाणी आहे." पुन्हा थांबल्या. "नाही नाही, त्यालाच बोलावलं होतं. दुसऱ्याला नाही." म्हणजे पलीकडून त्याने काय विचारलं असतं तेही त्यांनी धरून ठेवलं होतं! पुरा एक मिनिट चार सेकंद, दोघांचा संवाद, एकट्या बाईने केलेला.

मॉनिटरवरचा नाडीचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून एकशे अकरावर गेला. सईने सिरिंज उचलली. डॉ. इद्रिसनी तिचा हात अलगद धरला. प्रत्येक जागी, जिथे वहिनी थांबल्या होत्या, तिथे दत्तारामचे ओठ हलत होते. नळीमुळे आवाज नव्हता. आकडा एकशे चार झाला. पंच्याण्णव. ब्याऐंशी.

सई काचेकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड शी से?" मी म्हणालो, "विहिरीला पाणी आहे." ती म्हणाली, "दॅट्स ऑल?" मी म्हणालो, "हो. तेवढंच."

डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधांच्या चार्टवर लिहिलं: 'वाइफ्स व्हॉइस. वन. एव्हरी मॉर्निंग.' तासाभरात फार्मसीचा फोन. "सिस्टर, ये आयटम हमारे स्टॉक में नहीं है."

*

शेवटचा किस्सा डिस्चार्जचा. सोमवार, दुपारी बारा. दत्ताराम काठी घेऊन चालत होता. गळ्यावर छोटीशी पट्टी, आवाज घोगरा. विमानाचं तिकीट परवाचं. परत यायचं ठरलेलं नव्हतं. खोलीत दिवे लावलेले, पडदे उघडे. मी, सई, डॉ. इद्रिस, लिसी सिस्टर. कंपनीतर्फे जगदाळे. पुष्पगुच्छ नव्हता, एक फाइल होती. आणि सईच्या फोनवर, व्हिडिओ कॉलवर, सुलभा वहिनी. त्यांना म्हटलं होतं, वीस मिनिटांनी बोला. त्या म्हणाल्या, मी गप्प बसते, पण बघते.

लिसी सिस्टर एक बारीक सिरिंज घेऊन आल्या. डॉ. इद्रिस म्हणाले, "हा आजार होऊन गेला तरी शरीर काही शिकत नाही. पुन्हा होऊ शकतो. म्हणून लस. आज पहिली, बाकीच्या गावी."

दत्तारामने बाही वर केली. दुसरीकडे तोंड फिरवलं. सिस्टरनी कापूस दाबला.

तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "टोचा की."

"हो गया, दत्ताभाई."

"झालं?" त्याने दंडाकडे पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?"

फोनमधून वहिनी म्हणाल्या, "मग हे खिळा लागला तेव्हाच का नाही दिलं?"

जगदाळे पटकन पुढे झाले. "नाही वहिनी, तसं नाही. आमच्याकडे सगळं प्रोसिजरप्रमाणे होतं. डॉक्टर, करेक्शन प्लीज. हा दुसरा डोस आहे. पहिला आम्ही साइटवर, खिळा लागला त्याच दिवशी दिला होता. रेकॉर्ड आहे." त्यांनी फाइलमधून कागद काढून दत्तारामपुढे धरला. "तुला आठवत नसेल. आजारात होतं असं."

दत्तारामने कागद हातात घेतला. इंग्रजी त्याला येत नाही, आकडे येतात. त्याने तारीख वाचली. वेळ वाचली, सकाळी साडेनऊ. बोटांवर काहीतरी मोजलं.

"साहेब," तो म्हणाला, घोगऱ्या, हळू आवाजात, "त्या दिवशी रविवार होता. सोमवारी स्लॅब ओतायचा म्हणून आम्हा चौदा जणांनाच कामावर घेतलं होतं. फर्स्ट-एडच्या खोलीला कुलूप होतं. मी दार वाजवून आलो, आणि मिक्सरच्या नळावर पाय धुतला."

जगदाळेंनी कागद परत घेतला, घडी केली आणि फाइलमध्ये ठेवला. सईने तोवर त्या कागदाचा फोटो घेतला होता. मी तिला सांगितलं नव्हतं.

तो फोटो मी कंपनीला तीन वेळा पाठवला आहे. इंजेक्शन दिलं, या शब्दांपुढे निळ्या शाईत एक सही आहे. ती सही कुणाची, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.